गाडीच्या गळ्यातलं पाणी

“चिमणे, कान लाव. पोकळ असतं ते बोलतं.”

लहानपणी जिन्याच्या लोखंडी कठड्याला या टोकाला मी कान लावायची आणि त्या टोकाला दादा नखाने टकटक करायचा. आवाज नळीतून धावत माझ्याकडे यायचा. तो दादा आता नाही. तापाचं निमित्त झालं आणि माणूस उठून गेला. मागे राहिली वहिनी, आणि अंगणात उभी त्याची काळी मोटारसायकल.

ती मोटारसायकल रडते म्हणे.

मी परगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत आले, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. शेजारीपाजारी, पलीकडच्या गल्लीतले, ना ओळखीचे ना पाळखीचे. ऊन कललं आणि टाकीखाली, गाडीच्या गळ्यापाशी, एक थेंब फुटला. तांबडा. मागून दुसरा. माणसांनी हात जोडले, आणि कानबाबा पुढे झाला. टाकीला कान लावून निरोप सांगतो म्हणून हे नाव.

“साहेब म्हणतात, इकडे बरं आहे. गुडघे दुखत नाहीत.”

दादाचे गुडघे कधी दुखलेच नव्हते. पण विचारतो कोण?

थेंब थांबले की बाबा तापलेल्या गाडीला पितळी घागरीने गार पाण्याची आंघोळ घालायचा, साहेबांचा जीव निवावा म्हणून. गाडीवर बसायला मात्र मनाई. बसलात तर साहेबांच्या छातीवर बसलात. म्हणून वहिनी गावाबाहेरच्या बेकरीत कामाला अंधारातच पायी निघायची. अलीकडे साहेबांनी नवा हट्ट धरला होता, “मला कानबाबांच्या घरी नेऊन ठेवा.” जिवंतपणी कधी काही न मागणारा माझा भाऊ मेल्यावर भलताच चोखंदळ झाला होता.

मी वहिनीला म्हटलं, अगं, लोखंड आहे ते. ती पाठमोरी कपबश्या विसळत राहिली. “चहा घे,” एवढंच म्हणाली.

सकाळी ती कामावर गेल्यावर मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाले. जिथे सांगाड्याच्या नळ्या, हँडल फिरतं त्या पुढच्या डोक्याला जोडल्या आहेत तिथे, वेल्डिंगला लागून, खालच्या अंगाला केसाएवढी भेग होती. नळीवर नख मारलं. टक, टक. पोकळ.

त्या संध्याकाळी बाबाची घागर मीच भरून दिली. आत शाईची अख्खी बाटली. काळ्या गाडीवर निळं पाणी कुणाला दिसतंय?

दुसऱ्या दिवशी ऊन कललं आणि गाडी निळी रडली.

बाबा क्षणभर गोंधळला, मग सावरला. “शोक फार झाला की निळा पडतो.”

“मग माझ्या धोतराला काल कसला शोक झाला?” पुढे बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने निळे शिंतोडे दाखवत विचारलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी भेग दाखवली. संध्याकाळी तापलेल्या नळीवर गार पाणी पडतं, आतली हवा आकसते, भेगेतून पाणी ओढून घेते. रात्रभर ते आत गंजत बसतं. दुसऱ्या दिवशी कलतं ऊन टाकीखाली नळीवर आलं की हवा फुगते आणि तेच तांबडं पाणी बाहेर ढकलते. आजच्या आंघोळीतच उद्याचे अश्रू. मी म्हटलं, लोखंड रडताना दिसलं तर हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा, आणि पाणी कोण घालतंय ते विचारा.

बाबाला कुठलं तरी तातडीचं बोलावणं आठवलं. तो घागर विसरून गेला.

गाडी आम्ही टेम्पोतून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला माणूस आधी म्हणाला, तुम्हीच पाणी घालून गंजवली. पण कंपनीचा तपासनीस आला, त्याने रंग खरवडून भेग बघितली. वेल्डच कच्चा होता. एखाद्या जोराच्या ब्रेकला गाडीचं डोकं सुटून आलं असतं, म्हणाला. कंपनी नवा सांगाडा फुकट देणार, अट एकच. जुना परत करायचा, तो कापून भंगारात जाणार.

वहिनी सही करेना.

आता अंगणात कुणी येत नव्हतं. चमत्कार संपला तशी माणसंही संपली. संध्याकाळी ती दारात उभी राहायची, गाडी उभी असायची तिथल्या तेलाच्या डागाकडे बघत. मी विचारलं, तुला अजून वाटतं का त्या गाडीत दादा आहे? ती दिवा लावायला आत गेली. बेकरीला पायीच जायची. माझी सुट्टी संपत आली होती.

शेवटच्या दिवशी तिला घेऊन मी सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. चाकं, टाकी, इंजिन सगळं काढलेला सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर पडला होता, आजारपणात वाळलेल्या माणसासारखा. वहिनी खाली बसली. हळूच तिने नळीला कान लावला. मी दुसऱ्या टोकाला गेले आणि नखाने वाजवलं. टक, टक.

तिने डोळे मिटले. “ही तू आहेस,” म्हणाली.

“हो, मी आहे.”

मग ती कान न काढता बोलली.

“तो नाही, हे मला पहिल्या थेंबापासून माहीत होतं गं. पण रोज संध्याकाळी अंगणात माणसं असायची. जाताना कुणीतरी विचारायचं, जेवलीस का?”