रबराची मूठ

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणिताच्या सरांनी कंपनांचा धडा घेतला तेव्हा निम्मा वर्ग पेंगत होता. सर फळ्यावर स्प्रिंग काढायचे, तिला वजन टांगायचे आणि ते किती हलेल याचं समीकरण मांडायचे. शेवटी खडू झटकत म्हणाले, "पुस्तकातली उदाहरणं पुरे. थरथरणारं खरं यंत्र शोधा आणि त्याचं समीकरण सोडवून आणा. मिक्सर चालेल, शेजाऱ्याची बाइक चालेल. शेजारीच थरथरत असेल तर तो नको."

वर्गातल्या एका मुलीला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. तिचे वडील ओतकामाच्या कारखान्यात एकवीस वर्षं ग्राइंडर चालवत होते. पंपांच्या ओतीव भागांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, हे त्यांचं काम. लेकीने आपलंच यंत्र निवडलं म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. रविवारी त्यांनी घरातला जुना ग्राइंडर जेवणाच्या टेबलावर मांडला. आईने नाक मुरडलं, पण खाली वर्तमानपत्र पसरून दिलं.

ग्राइंडरला धरायच्या दोन मुठी होत्या. एक लोखंडी, एक जाड रबर बसवलेली.

"ही दुसरी कशाला, बाबा?"

"कंपनी देते गं. ती लावली की यंत्र हातात डुलतं, कड साधत नाही. मी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवली. उगाच नाही तासाला चार नग जास्त काढायचो!"

कॉलेजमधून आणलेलं कंपन मोजायचं यंत्र तिने आधी लोखंडी मुठीवर चिकटवलं आणि मोजमाप घेतलं. मग रबराची मूठ लावायची होती. वडिलांनी नट उचलला. तो बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," ते म्हणाले.

आईने नट उचलून घट्ट केला. नंतर स्वयंपाकघरात तिने लेकीला जवळ ओढलं. "चष्मा कसला डोंबलाचा! दीड वर्ष झालं, शर्टाची बटणं मी लावते. बोटं पांढरीफटक पडतात, चटका बसला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, यंत्राच्या हादऱ्यांनी नसा गेल्यात, परत यायच्या नाहीत. तुला सांगू नको म्हणून बाबांनी मला त्यांच्या गळ्याची शपथ घातलीय."

पुढचे तीन दिवस ती कॉलेजातून आली की वहीत डोकं घालून बसायची. ग्राइंडरचं वजन, चाकाचा वेग, रबराचा मऊपणा, सगळं समीकरणात घातलं. उत्तर आलं तेव्हा तिने पान फाडलं आणि पहिल्यापासून मांडलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं गणित चुकलेलं निघावं, असं तिला वाटत होतं. उत्तर तेच आलं.

"सुटलं का?" वडील समोर येऊन बसले.

"नाही अजून."

"खोटं बोलतेस. तुझा चेहरा सांगतोय. आकडा काय आला?"

"पाव."

"पाव काय?"

तिने वही मिटली. "रबराची मूठ लावली तर हाताला पाव हादराच पोचतो, बाबा. तीन हिस्से रबरातच अडतात."

त्यांनी आपले तळवे उलटून पाहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल," ती घाईघाईने म्हणाली.

"सांगितलं होतं गं. सेफ्टीवाल्याने दोनदा सांगितलं. मी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली होती." मग हळूच, "आता लावली तर काही...?"

तिने नकारार्थी मान हलवली. आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

सरांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि फळ्यावर समजावून सांगायला उभं केलं. 'हातापर्यंत पोचणारा हादरा' इथवर ती आली आणि तिने खडू खाली ठेवला. "सर, पुढचं वहीत आहे," म्हणून ती जागेवर जाऊन बसली.

दोन महिन्यांनी वडिलांनी स्वतःच साहेबांना हात दाखवले. त्यांना ग्राइंडरवरून काढून हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. आता ते रबराची मूठ बसवल्याशिवाय कुणाला ग्राइंडर देत नाहीत. लोक त्यांना 'रबरशेठ' म्हणतात. निम्मे जण जागेवर गेल्या गेल्या मूठ काढून खिशात टाकतात. ते खिडकीतून बघतात. पहिल्यांदा ओरडायचे. हल्ली बाहेर जातात, त्या माणसाशेजारी उभे राहतात आणि हात पुढे करून त्याला आपली बधिर बोटं दाबून बघायला सांगतात.