खालची आग आपली

वनखात्याच्या कचेरीत वायरलेस सांभाळणाऱ्या बाईला लहानथोर सगळे 'वहिनी' म्हणायचे, आणि हे खापर तिच्या दिराच्या डोक्यावर फोडायला हवं. हा धाकटा म्हणजे वणवा अडवायला गवत-झुडपं साफ करून जाळरेषा काढणाऱ्या टोळीचा मुकादम. कामाला लागल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने डोंगरावरून हँडसेट तोंडाशी धरून ओरडून विचारलं होतं, "वहिनी, ऐकू येतंय का गं?" आणि ते अख्ख्या जंगलाने ऐकलं. साहेबांनी दोघांना टेबलासमोर उभं करून झापलं. वायरलेसवर नाती चालणार नाहीत, थट्टा चालणार नाही. निघालो, पोचलो, थांबलो. एवढे तीन शब्द आले की काम भागतं. धाकट्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'वहिनी'च म्हणाला. साहेबांनीही मग नाद सोडला. पुढे तर तेही म्हणू लागले.

पण वणवा लागल्यापासून कुणाला थट्टा सुचत नव्हती. वायरलेसच्या खोलीच्या खिडकीला ओलं फडकं लावलं होतं, ते घटकाभरात वाळून राखेने करडं व्हायचं. बाहेर दुपार असून उजेड तांबूस, आजारी. तिचा नवरा पाण्याच्या टँकरवर होता. सासूबाई तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन खालच्या गावातल्या शाळेत गेल्या होत्या, कारण वरच्या वस्त्या रिकाम्या केल्या होत्या. मुलीला सकाळपासून खोकला होता. तो धुराचा की साधा, हे काही तिला फोनवरून कळत नव्हतं. "अगं, नेहमीसारखीच खोकतेय," सासूबाई म्हणाल्या होत्या. नेहमीसारखी म्हणजे कशी, ओली की कोरडी? तिला विचारायचं होतं, पण तेवढ्यात फोन तुटला.

साहेब भिंतीवरच्या नकाशासमोर उभे होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आता एकच उपाय उरलाय," ते म्हणाले. "खडीचा रस्ता. रस्त्यापासून वरच्या बाजूला आपणच गवत पेटवायचं. वणवा खाली येईपर्यंत त्याच्या तोंडचा घास आपण आधीच जाळून ठेवायचा. वारा आत्ता चढता आहे, आपली आग वर जाईल. संध्याकाळी वारा उलटला की संपलं. मग रस्ता ओलांडला, गाव गेलं."

"टोळी अजून उतारावर आहे, साहेब."

"म्हणूनच तर सांगतोय. बोलवा त्यांना."

तिने बटण दाबलं. "टोळी एक, कचेरी बोलतेय. जाळरेषा आहे तशी सोडा आणि ताबडतोब रस्त्यावर उतरा. खालून उलटी आग लावायचीय. ओव्हर."

खरखर. मग धाकट्याचा आवाज, दमलेला. "वहिनी, दुर्बीण तुझ्याशी बोलला का?"

दुर्बीण म्हणजे टेहळणीच्या मनोऱ्यावरचा म्हातारा. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी धूर आधी त्यालाच दिसायचा, म्हणून हे नाव.

"सकाळपासून नाही. त्याला कालच उतरायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं म्हणे! त्याला एका डोळ्याने दिसत नाही आणि दोन्ही कानांनी ऐकायचं नसतं. आम्हालाही उत्तर देत नाहीये. मनोरा इथून वर दिसतोय मला. खाली कुणी उभं नाही."

साहेबांनी जोरजोरात मान हलवली. 'नाही' अशी.

"साहेब म्हणतायत, आधी उतरा." आणि मग तिने नियम मोडला. "भाऊजी, खाली या. वेळ नाही."

खरखरीत कुणाची तरी कुऱ्हाड दगडाला लागल्याचा आवाज आला.

"बरं वहिनी," तो म्हणाला. "येतो."

ती सुटकेचा श्वास टाकून मागे वळली. "येतायत."

"निघाले म्हणाले?"

"हो. येतो म्हणाले."

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं. जाळरेषेपासून रस्त्यापर्यंत सगळा उतार. आग लांबच्या टोकापासून लावत आणली तर टोळीच्या उतरायच्या पायवाटेपर्यंत पोचायच्या आत टोळी सहज उतरेल. पोचल्याचा निरोप येईपर्यंत थांबावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर एकदा उमटून गेलं, हे तिने पाहिलं. पण खिडकीवरचं फडकं आत फुगून पुन्हा सैल पडलं, वारा चाचपडायला लागला होता. साहेबांनी दुसरा हँडसेट उचलला आणि रस्त्यावरच्या माणसांना सांगितलं, "लावा."

गवत उन्हाळ्याचं, वाळून खडखडीत झालेलं. पेटलं म्हणजे काय पेटलं! रस्त्यावरचे लोक हँडसेटवर आनंदाने ओरडत होते, सरळ वर चाललीय, अगदी हवी तशी चाललीय.

मग त्यांच्यातला एक बोलला, "चौघं उतरले, साहेब. मुकादम नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

मागे गलका झाला. टोळीतल्या एकाने हँडसेट हिसकावून घेतला असावा. "ते दुर्बीणला आणायला वर गेलेत. आम्हाला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, वहिनीला सांगितलंय मी."

तिच्या कानात त्याचं 'बरं वहिनी, येतो' पुन्हा वाजलं.

आपल्यात घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. 'जातो' तोंडातून निघालंच तर मोठी माणसं डोळे वटारतात. बाजारात जाणारा 'येतो' म्हणतो, परगावी जाणारा 'येतो' म्हणतो, आणि धाकटा तर उंबऱ्यात बूट चढवताना रोज म्हणायचा, "बरं वहिनी, येतो." तसंच, त्याच सुरात. आणि जेव्हा खरंच यायचं असायचं, ताटावर बोलावलं किंवा मुलीने अंगणातून हाक मारली, तेव्हा त्याचा शब्द ठरलेला होता, "आलो!" खाली उतरायचं असतं तर तो "आलोच" म्हणाला असता. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. चुकली ती. साहेब 'निघाले का' विचारत होते आणि तिने घरातल्या शब्दाचा अर्थ कचेरीतल्यासारखा लावला.

की त्याला तेच हवं होतं? वहिनीशी खोटं बोलायचं नव्हतं आणि साहेबांचं ऐकायचंही नव्हतं, म्हणून त्याने दोन्हीकडे चालेल असा शब्द काढून दिला? हा विचार तिने तिथेच सोडला. त्यात तिची सुटका होती, म्हणून तिला तो नकोसा झाला.

"थांबवा," साहेब हँडसेटवर म्हणत होते. "पायवाटेजवळची थांबवा."

"आता कशी थांबणार, साहेब? ती केव्हाच वर गेली."

पेटवायला एक काडी पुरते. विझवायला सगळं गाव कमी पडतं.

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, धापा टाकणारा. "कचेरी, मनोऱ्यावर पोचलो. बघ, साहेबांना सांग, नियमाने बोललो. दुर्बीण जिवंत आहे. शिडीवरून पडलाय, पाय मोडलाय, हँडसेट खाली फुटलाय. मला बघून शिव्या देतोय, म्हणजे तब्येत चांगली आहे." मग तो थांबला. "वहिनी, इथून दोन आगी दिसतायत. एक मागे आहे ती माहितीय. खालून येतेय ती कुणाची?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सांगू नका. कदाचित ते बरोबरच असतील. घाबरलेला माणूस चुकीच्या दिशेने पळतो. पण वायरलेसच्या खोलीत बसणाऱ्या माणसाने एवढंच करायचं असतं, आग कुठून येतेय ते खरं सांगायचं.

"खालची आपली आहे," ती म्हणाली. "तुम्ही येताय असं मला वाटलं, भाऊजी. मी तसं सांगितलं. मग लावली."

तिने बटणावरचं बोट उचललं.

"घरचीच आहे म्हणजे," तो म्हणाला. "मग बोलायची सोयच नाही." हसण्याचा प्रयत्न असावा, पुढे खोकला आला. कोरडा. "कुठे जाऊ, सांग."

तिने नकाशा पाहिला. मनोऱ्याच्या पलीकडे घळ आणि घळीच्या पलीकडे काल जळून गेलेलं पठार. जळालेली जमीन पुन्हा जळत नाही. काळ्या मातीत पाय ठेवला की माणूस वाचला.

"पाठीमागून घळीत उतरा. घळ ओलांडून काळ्या पठारावर जा. दुसरीकडे कुठेही वळू नका."

"घळ खोल आहे गं."

"माहितीय."

"म्हाताऱ्याला पाठीवर घेतलंय. दिसतो काटकुळा, वजन मात्र सरकारी कपाटाचं. तो म्हणतोय, मला इथेच ठेव. मी म्हटलं, गप बसा, आता आमच्या घरातलं भांडण आहे."

"भाऊजी, बोलू नका. चाला."

"चालतोय."

त्या जंगलातल्या सगळ्या वायरलेसचा आवाज मनोऱ्यावरच्या यंत्रातून फिरून जायचा. खोलीतली खरखर एकदम बंद झाली. साहेबांच्या हातातला सेट बंद, रस्त्यावरच्यांचे बंद, टँकरवरचे बंद. मनोरा गेला हे कुणी कुणाला सांगायची गरज उरली नाही. तो घळीत उतरला होता की नव्हता, हे मात्र ते यंत्र सांगून गेलं नाही.

ती तरी बटण दाबत राहिली. "टोळी एक. टोळी एक." शेवटी साहेबांनी तिचा हात धरून उठवलं, कारण खिडकीवरचं फडकं आता खोलीच्या आत आडवं फडफडत होतं. वारा उलटला होता. उडत्या ठिणग्यांनी त्यांची स्वतःची आग रस्ता ओलांडून गावाकडे निघाली होती आणि मागचा वणवा तिच्या पाठोपाठ येत होता.

जीपमध्ये साहेब म्हणाले, "लावा मी म्हटलं. लक्षात ठेवा."

"येतायत मी म्हटलं."

"निर्णय माझा होता."

"तुम्ही दोघं नंतर वाटून घ्या," ड्रायव्हर म्हणाला. त्याचं घर त्याच गावात होतं. "आधी धरून बसा."

शाळेच्या आवारात भोंगा ओरडत होता. शाळाही रिकामी करायची होती, बस उभ्या होत्या. लोक गाठोडी, पिंजरे, गॅसची शेगडी घेऊन चढत होते. सासूबाई मात्र पहिलीच्या वर्गात, बुटक्या बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगी झोपली होती. आत येताच तिने आधी लेकीच्या छातीला कान लावला. घरघर नव्हती.

"आई, उठा. बस भरतेय."

"धाकट्याला इथलंच सांगितलंय मी. शाळेत असेन म्हणून. तो शोधत आला आणि आम्ही नसलो तर?"

"आई."

"तू जा पोरीला घेऊन. मी थांबते. मला काय धाड भरलीय?"

भोंगा पुन्हा ओरडला. तिला वाटलं, खोटं सांगावं, तो दुसऱ्या बसमध्ये बसलाय म्हणावं. म्हातारी उठेल तरी. मग ती त्या बुटक्या बाकावर शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. दुर्बीण, मनोरा, खालची आग कुणी लावली, का लावली. घळ खोल आहे तेही सांगितलं. तिचा आवाज कचेरीतल्यासारखा सरळ येत होता, याची तिलाच चीड आली.

सासूबाई फळ्याकडे बघत होत्या. फळ्यावर कुणीतरी बेरजा अर्ध्याच सोडल्या होत्या.

"वर जायला सांगितलं कुणी त्याला?"

"कुणीच नाही. नको म्हणत होतो."

"मग बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकायची सवयच नव्हती त्याला."

'नव्हती.' तो शब्द त्यांच्याही कानाला लागला असावा, कारण त्या एकदम उठल्या, मुलीला तिच्या खांद्यावर दिलं आणि खाली वाकून नातीच्या चपला घालायला लागल्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. पट्टा काही केल्या लागेना. तरी त्या ओढत राहिल्या, आणि तिने त्यांना थांबवलं नाही.