रोजचं कमळ

"बाबा, पुन्हा तेच कमळ?" शनिवारी मी फोनवर चिडवलं.

"कमळ जुनं, सकाळ ताजी आहे, आ-निंग. तू चित्र उघडलंस की इथे 'वाचलं' उमटतं. पोरगी उठली, मग मी माशाची पेज खायला मोकळा."

मी तैपेईत एकटी राहते. तैनानहून ते रोज शुभ सकाळचं चित्र पाठवत. मी ते उघडायची, उत्तर कधीच द्यायची नाही. आमचं तेवढ्यात भागायचं.

रविवारी चित्र आलं नाही. बाबा झोपेतच गेले होते.

अंत्यविधीनंतरच्या सकाळी आईनं त्यांच्या तसबिरीपुढे पेजेचा वाडगा ठेवला. शेजारी त्यांचा फोन होता. मी त्यावर तेच कमळ पाठवलं आणि मीच ते उघडलं. माझ्या फोनवर 'वाचलं' उमटलं.

"बाबा, उठले मी," मी मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही खाऊन घ्या."