आबासाहेबांचा हात

देवी टोचणारे पत्रूजी मंगळवारी दुपारी सायकल ढकलत चिचटोल्यात आले, तेव्हा सत्तावीस लेकरं टोचून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघायचा त्यांचा बेत होता. गावानं त्यांना अकरा दिवस बसवून ठेवलं.

कारण एवढंच की आबासाहेब यायचे होते.

आबासाहेब म्हणजे इकडचे आमदार. मालगुजारी गेली, बेगार सुटली, तलाव गावाचा झाला. कायदा नागपुरात झाला होता, पण चिचटोल्याच्या लेखी तो आबासाहेबांनी एकट्यानं, हातानं लिहून आणला होता. बावन्न साली गावातल्या कोलूच्या घरी ते ज्या लोट्यातून पाणी प्याले, तो लोटा चार वर्षांत पुन्हा कुणी वापरला नव्हता. देवळीत उपडा ठेवून त्याला दर सोमवारी फूल वाहत. नव्या विहिरीची पहिली बादली त्यांच्या हातची. धानाच्या रोवण्याची, म्हणजे लावणीची, पहिली पेंडी त्यांच्या हातची. एका साली त्या पेंडीपायी पऱ्ह्यातली रोपं आठ दिवस ताटकळली, आणि नेमकं त्याच साली धान भरभरून आलं. मग तर बोलायलाच नको.

तेव्हा यंदा देवीची पहिली टोचणीही त्यांच्याच हातची, हे ठरवणारा गावचा चिटणीस गुणवंतराव. कुमुदचा नवरा.

कुमुद चांद्याची. नागपूरला इंटर सायन्सपर्यंत शिकली, मग लग्न झालं. मंदा आता नऊ महिन्यांची होती, आणि कुमुद तिच्या अंगावरचं प्रत्येक पुरळ, प्रत्येक शिंक मोजत जगत होती. शेजारीपाजारी हसत. "बाईनं पुस्तकात पाहून लेकरू काढलं," म्हणत.

पत्रूजींचा डबा तिच्याच स्वयंपाकघरात ठेवला होता. काचेच्या केसाएवढ्या नळ्या, भोवती लाकडाचा भुसा आणि बर्फ. बुधवारी सकाळी तिनं झाकण उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं. फाल्गुनाचं ऊन सुरू झालं होतं. तिनं डबा रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरला, वर ओलं पोतं टाकलं, आणि पत्रूजींना विचारलं, "ही लस किती दिवस टिकते?"

"बर्फावर असली त टिकते."

"आणि नसली तर?"

पत्रूजींनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबवला. "तीन दिवस. चार म्हना. बाई, मले मालूम नाई का? पण तुमचे मालक म्हनतेत थांबा. मी नोकरमानूस. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली का माही बदली सिरोंच्याच्या जंगलात. मले बी दोन पोरी आहेत."

रात्रीची वाट न पाहता तिनं जेवतानाच नवऱ्यापुढे विषय काढला. "अहो, आज टोचून घेऊ. आबासाहेब आले की हार घालू, भाषण ठेवू. लस खराब होते उन्हानं."

"चार दिवसांनी काय होते?" गुणवंतराव भात कालवत म्हणाला. "गावानं सभेत ठरवलं आहे."

"लसीला सभा कळत नाही."

सासू देवकाबाई चुलीपाशी होती. ती हसली. "अवो सूनबाई, ज्या हातानं तलाव सोडवला त्या हातानं सुई नाई लागनार काय? तुमच्या कालेजात हेच शिकवतेत का, घरच्या मानसाचं तोंड पाडाले?"

शुक्रवार गेला. सोमवार गेला. आबासाहेबांचा निरोप येई, कामात आहेत, उद्या. कुमुद रोज सकाळी वाळूवर पाणी शिंपायची आणि हात लावून पाहायची. आठव्या दिवशी वाळूच कोमट लागली.

अकराव्या दिवशी जीप आली, तीन तास उशिरा. सडा-रांगोळी पायांखाली कधीच पुसून गेली होती. उतरले ते एक दमलेले, सभ्य म्हातारे. टोचणी हातात दिल्यावर ते कसनुसे झाले. "अरे, मला कुठे येतं हे? यांनाच करू द्या."

पण तीनशे माणसं गजर करत होती. पत्रूजींनी मागून त्यांचा हात धरला, आणि पहिलं लेकरू पुढे आलं ते चिटणिसाचं. मंदा.

मंदाचा दंड धरून कुमुद समोर उभी होती. आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "ताई, शिकलेल्या दिसता. बरोबर करतोय ना मी?"

तो एक क्षण होता. कुणी विचारलं नसतं तर गोष्ट वेगळी. पण त्यांनी विचारलं, आणि गुणवंतराव त्यांच्या खांद्यामागून तिच्याकडे बघत होता. कुमुदनं मान हलवली. हो.

"पोरगी धीराची आहे," आबासाहेब म्हणाले. बाकीची सव्वीस लेकरं रांगेनं पुढे आली. अर्ध्या तासात जीप धुरळा उडवत मूल गावच्या रस्त्याला लागली.

देवी टोचली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंड उठतो, फोड भरतो, ताप येतो. पोर किरकिरतं, मग खपली धरते. फोड उठला तर लस लागली. सत्तावीस दंडांपैकी एकही उठला नाही.

गावाला आनंद झाला. "पाहा," देवकाबाई दारोदार सांगत सुटली, "ना ताप ना फोड. सरकारी मानूस टोचते त लेकरू आठ दिवस तळमळते. हात असावा त असा."

पत्रूजी तपासणीला आले आणि वहीत सत्तावीस वेळा 'उठली' असं लिहून मोकळे झाले. कुमुद दारात उभी राहून बघत होती. "एकाचाही दंड उठला नाही, पत्रूजी."

"आबासाहेबांच्या हातचं वाया गेलं, असं कोन लिहीन? खाली तुमच्या मालकाची सही आहे, बाई." त्यांनी मान वर केली नाही.

त्या रात्री कुमुदनं ठरवलं. चांद्याची आजी आजारी आहे, असं पत्र आल्याचं तिनं घरात सांगितलं आणि गाठोडं बांधलं. निघायच्या दिवशी गोकुळा मासोळ्या घेऊन आली. ढिवरपुऱ्यातली, कुमुदच्याच वयाची. तिचा चैतू मंदाहून महिनाभरानं मोठा, कडेवरून मंदाचे केस ओढणारा.

"गोकुळा," कुमुद म्हणाली, "येतेस माझ्यासंगं चांद्याला? शहर पाहशील. चैतूलाही घे."

"अवो बाई, मी कायले येऊ? जाळं कोन वढीन?" मग तिनं टोपली खाली ठेवली आणि कुमुदच्या तोंडाकडे पाहिलं. ढिवराच्या बाईला पाण्याखालची हालचाल दिसते. "मंदाले पुन्हा टोचाले नेऊन राह्यल्या काय तुमी? आपल्या इथली लागली नाई काय?"

ओसरीवर देवकाबाई तांदूळ निवडत होती.

"नाही ग," कुमुद म्हणाली. "आजी आजारी आहे."

"मंग ठीक." गोकुळा हसली. "मले वाटलं, शिकलेली बाई, काई तरी मालूम असन."

चांद्याच्या दवाखान्यात मंदाला टोचलं. चौथ्या दिवशी दंड उठला, रात्रभर ताप होता, आणि ती रडत असताना कुमुद अंधारात बसून हसत होती. दोन पोस्टकार्डं तिनं गोकुळाच्या नावानं लिहिली आणि दोन्ही फाडली. गोकुळाला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणार गुणवंतरावच.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. 'ढिवरपुऱ्यात देवीची साथ आहे. मंदाला घेऊन इतक्यात येऊ नये. काळजी नसावी.'

कुमुदनं ते तीनदा वाचलं. हातावर एवढा विश्वास होता, तर मग मंदाला घेऊन का येऊ नये? म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. दोघांनीही मिठाची गुळणी धरली होती, आणि दोघांनीही आपलं तेवढं पोर बाजूला काढलं होतं.

वैशाख सरता सरता ती परतली, तोवर गावातली पाच लेकरं गेली होती. त्यांत चैतू. लोकांचं म्हणणं ठरून गेलं होतं, आबासाहेबांच्या हाताला कुणाची तरी दीठ लागली. आबासाहेबांनी पाचही घरांना सांत्वनाची पत्रं धाडली होती, खाली स्वतःची सही. गोकुळाच्या नवऱ्यानं ते पत्र काचेत बसवून खुंटीला लावलं होतं. शेजारी चैतूचं झबलं.

कुमुदनं मंदाला लांब बाह्यांचं झबलं घातलं. त्या उन्हात. घरात कुणी विचारलं नाही. गुणवंतरावानं एकदा बाहीकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

चौथ्या दिवशी गोकुळा आली. अंगावर मांस उरलं नव्हतं, नुसते डोळे. मंदा रांगत तिच्या टोपलीशी गेली. गोकुळानं तिला उचललं, छातीशी धरलं.

"अवो बाई, घामोळ्यानं भरली पोरगी. एवढ्या तपनीत हे काऊन घातलं?" आणि कुमुद उठेपर्यंत तिनं बाही वर सरकवली होती.

दंडावर पैशाएवढा कोवळा लाल खळगा होता.

गोकुळा त्याच्याकडे बघत राहिली. कुमुदच्या ओठांवर सगळं आलं. बर्फ, वाळू, ते दोन फाडलेले कागद. आता बोलायचं, हिनं विचारलं की बोलायचं.

पण गोकुळानं विचारलं नाही. तिनं बोट त्या खळग्यावर हळूच फिरवलं.

"पयला हात हिलेच लागला होता," ती म्हणाली. "पयल्या टोच्यात जोर होता त्याईच्या. माहा चैतू सतरावा. मी लाजून मांगं उभी राह्यली, बाई. म्होरं घुसली असती त..." ती थांबली. "माहीच चूक झाली."

ओसरीवर वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला.

कुमुद पुन्हा खाली बसली.

गोकुळानं बाही नीट खाली ओढली, नाडी बांधली, आणि मंदाला कुमुदच्या मांडीवर दिलं. मग टोपलीतून नेहमीच्या वाट्यावर एक मासोळी जास्तीची काढून ठेवली.

"हे घ्या. लेकरू अंगावर पिते, तुमच्या दुधाले चांगली."

कुमुदनं ती घेतली.