थॅडची खुर्ची

अमेरिकेतल्या मेरो क्रीक गावात, काळ्यांच्या चर्चमध्ये कुणी जरा जास्त फुशारकी मारली, की समोरचा म्हणणार, "हो हो, आणि थॅडने खुर्ची बनवली!" मग सगळे खो खो हसणार. साठ वर्षं झाली या थट्टेला. आताच्या पोरांना थॅड कोण, खुर्ची कुठली, काही ठाऊक नाही, तरी तीही हसतात.

थॅडियस गेदर हा वर्लीनचा बाप. ती कधी हसली नाही. पण हसणाऱ्याला तिने कधी अडवलंही नाही.

आणि मार्चमधल्या एका सकाळी तीच खुर्ची तिच्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

वर्लीन सहासष्टची. सगळं आयुष्य चामड्यात गेलेलं. गावात खुर्च्यांचा कारखाना होता तोवर तीस वर्षं तिथे खुर्च्या मढवल्या, कारखाना परदेशी गेला तेव्हा घरामागे शेड टाकून जुन्या खुर्च्या दुरुस्त करायला लागली. न्हाव्याची खुर्ची, पाद्र्याची खुर्ची, वकिलाच्या कुत्र्याने फाडलेली खुर्ची. माणूस कसा बसतो ते तिला चामडं बघून कळायचं. एका कुशीवर कलून बसणारा, पाय हलवणारा, सगळे.

खुर्ची घेऊन आली होती ब्रेंडा सिग्मन. मालकाच्या नातवांनी जुन्या बॉयलरघरात कारखान्याचं संग्रहालय काढलं होतं, ते ही बाई सांभाळायची. आधी माणसं काढली, मग त्यांच्या हातोड्या काचेत लावल्या. वर्लीनची स्वतःची एक हातोडी तिथे आहे. खाली लिहिलंय, 'कारागीर अज्ञात'. अज्ञात कारागीर दोन मैलांवर राहते, पण विचारणार कोण?

"मिस वर्लीन, ही आपली सगळ्यात मोठी चीज," ब्रेंडा म्हणाली. "एकोणीसशे सत्तावन्न. राज्याच्या जत्रेत पहिलं बक्षीस. आपल्या कारखान्याचे क्लेट ऑस्टवॉल्ट, त्यांच्या हातची."

"माहितीये."

"चामडं पार गेलंय. काढून टाका सगळं, नवं चढवा. मे महिन्यात उद्‌घाटन आहे. खाली त्यांच्या नावाची पितळी पाटी लागेल."

ब्रेंडा गेली. वर्लीनने दिवा ओढून खुर्चीच्या पाठीवर आणला. तांबडं चामडं, बटणांच्या चार रांगा, बसायच्या जागी हात जाईल एवढी चीर. सुरी घ्यायच्या आधी तिने नेहमीसारखी पाठीवरून बोटं फिरवली, आणि वरच्या कडेला बोटं थांबली.

बटणापासून कडेपर्यंत चामड्याची चुणी पाडतात. उजव्या हाताच्या माणसाची चुणी उजवीकडे तोंड करते. कारखान्यात तसाच नियम होता, सगळ्या खुर्च्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून. या खुर्चीच्या चुण्या डावीकडे तोंड करून होत्या. एकूणएक.

वर्लीन खाली स्टुलावर बसली.

तिचा बाप डावखुरा होता. कारखान्यात त्याच्या हातात झाडू. तेव्हा काळ्या माणसाला मढवायच्या बाकाला हात लावायची सोय नव्हती, तो मान ऑस्टवॉल्टसारख्या गोऱ्यांचा. तो झाडता झाडता बघून शिकला, आणि घरी पोरीला शिकवलं. पोर उजव्या हाताची. मग तो तिच्यासमोर बसायचा, शेजारी नाही. "आरशात बघतेस असं समज," म्हणायचा. त्याची चुणी डावीकडे पडायची, तिची उजवीकडे.

दर रविवारी चर्चच्या जेवणात तो सांगायचा, जत्रेतली खुर्ची मी मढवली. लोक हसायचे. वर्लीन तेरा वर्षांची असताना एकदा घरी येताना म्हणाली, "डॅडी, नको ना सांगत जाऊस. लाज वाटते मला." तो "बरं" म्हणाला. त्यानंतर चोवीस वर्षं जगला, पण खुर्चीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

तिने मागचे खिळे एकेक करून उचलले आणि सांगाडा उघडा केला. प्रत्येक मढवणारा आतल्या लाकडावर पेन्सिलीने नाव लिहितो. मालकाला दिसत नाही, पुढे कधीतरी खुर्ची उघडणाऱ्या भाईबंदाला दिसतं. नाव होतं. टोकदार, ठसठशीत अक्षरं: क्लेट ऑस्टवॉल्ट.

"हरामखोर," वर्लीन लाकडाला म्हणाली.

तिने ब्रेंडाला फोन लावला. चुण्यांचं सांगितलं, बापाचं सांगितलं.

"मिस वर्लीन, तुमच्या भावना मी समजू शकते. पण आत नाव ऑस्टवॉल्टचं आहे, असं तुम्हीच म्हणताय. चुणीचं काय, कुठेही वळते. समितीला पुरावा लागतो."

"माझ्या बापाच्या वेळी झाडूवाल्याला पावती देत नव्हते, बाई."

"मी काय म्हणते..."

"ऑस्टवॉल्ट जिवंत आहे. उद्या मी त्याच्याकडे जाणार. तू पण ये, तुझ्या कानांनी ऐक. पण तोंड उघडायचं नाही. एवढं कबूल कर."

म्हाताऱ्यांच्या निवासात क्लेट ऑस्टवॉल्ट खिडकीशी बसला होता. एक्क्याण्णव वर्षं, डोळे जवळजवळ गेलेले, हात मात्र मोठे, लाकडासारखे. बुडाखाली नकली चामड्याची खुर्ची, सोलपटं निघालेली.

"कोण?"

"वर्लीन. दुसऱ्या पाळीत होते, खिडकीकडच्या बाकावर."

"आठवतेस की! तोंडाची फटकळ. अजून काम करतेस?"

"करते. आणि तुम्ही हे असल्या प्लास्टिकवर बसता? लाज नाही वाटत?"

म्हातारा खदखदून हसला. "अगं, माझी बोटं रोज रडतात. इथल्यांना कुठलं कळतंय!"

वर्लीनने पिशवीतून खुर्चीच्या पाठीचं चामडं काढलं. वरची कड तिने चुण्यांसकट, अस्तराला टाचून, जशीच्या तशी उतरवली होती. ते सगळं त्याच्या मांडीवर पसरलं. काल पूर्ण दिवस तिने एकाच गोष्टीचा विचार केला होता. तू खोटं बोललास का, असं विचारलं तर हा नाहीच म्हणणार. हा मनुष्य जत्रेतलं पदक सोडणार नाही. पण मढवणारा दुसऱ्याची खोड आपल्या नावावर घेईल, हे मरेपर्यंत शक्य नाही.

"एक काम आलंय," ती म्हणाली. "लोक म्हणतात तुमच्या हातचं. मी म्हटलं, शक्य नाही, चुण्या उलट्या आहेत. ऑस्टवॉल्ट असली घाण करणार नाही. तर म्हणतात, केली असेल, तेव्हा शिकाऊ असेल."

"शिकाऊ?" त्याचे कान लाल झाले. "आण इकडे." अंगठा चुणीवरून गेला. मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. "हे माझं? कुणी सांगितलं माझं? अख्ख्या जन्मात मी एक चुणी उलटी पाडली नाही! हे डावखुऱ्याचं काम आहे, आंधळ्यालाही कळेल. हे..."

अंगठा बटणांवर गेला. एक रांग, दुसरी, तिसरी, चौथी. तिथे तो थांबला. खुर्ची कुठली ते त्याला कळलं.

दाराशी उभ्या असलेल्या ब्रेंडाने हातातली वही छातीशी धरली. तोंड उघडलं नाही, तेवढं खरं.

"तू गेदरची पोर ना?" म्हातारा हळू म्हणाला.

"हो."

"फसवलंस मला."

"हो."

तो बराच वेळ चामडं कुरवाळत राहिला. "जत्रेला नऊ दिवस होते. माझ्या अंगठ्यात खिळा गेला, हात सुजून भोपळा. तो रोज रात्री यायचा, मागच्या दाराने. मी बाजूला बसून दारू प्यायचो आणि बघायचो. एकदासुद्धा त्याला मला काही विचारावं लागलं नाही. चुण्या उलट्या पडल्या ते मला दिसलं. परीक्षकांना नाही दिसलं, गाढवं. मी आत माझं नाव लिहिलं. तो तिथेच उभा होता. मी त्याला पेन्सिल दिली नाही."

"का?"

"नोकरी गेली असती. त्याची पण, माझी पण." मग स्वतःच मान हलवली. "नाही. मला ते पदक पाहिजे होतं."

वर्लीनच्या तोंडात शिवी आली होती. सात दशकं पुरेल एवढी मोठी. पण म्हाताऱ्याने विचारलं, "तो कुणाला काही बोलला नाही का गं?"

"दर रविवारी बोलायचा."

"मग?"

"कुणी ऐकलं नाही." ती चामडं गुंडाळायला लागली. "मीच त्याला गप्प केलं."

गाडीत ब्रेंडा म्हणाली, समितीपुढे ठेवते, पण दोन्ही नावं घालता येतील का बघू. वर्लीन म्हणाली, "एक नाव, माझ्या बापाचं. नाहीतर खुर्ची माझ्या शेडमधून हलत नाही. समितीला सांग, बसायचं असेल तर जमिनीवर बसा."

तिने जुनं चामडं टाकलं नाही. मऊ केलं, चिरेला मागून ठिगळ लावलं, रंग जुळवला. कोपऱ्यातली एक चुणी मात्र पार कुजलेली, ती नव्याने पाडावी लागली. तिचा हात सारखा उजवीकडे जायचा. शेवटी तिने स्टूल उचललं, खुर्चीच्या पलीकडे ठेवलं, समोर बसली आणि वरून वाकून काम केलं. चुणी डावीकडे पडली. ऑस्टवॉल्टचं नाव तिने पुसलं नाही. त्याच्या वर लिहिलं, थॅडियस गेदर, आणि झाकून टाकलं.

पाटीचं पत्र एप्रिलात आलं. एकच नाव.

त्या रविवारी चर्चच्या जेवणात तिथला कारभारी, डीकन पर्विस, आपण पकडलेल्या माशाचं माप सांगत होता. हात दर वाक्याला लांब होत होते.

"हो हो," मागून कुणीतरी ओरडलं, "आणि थॅडने खुर्ची बनवली!"

सगळे हसले. वर्लीनने ताट खाली ठेवलं.

"बनवली," ती म्हणाली. "माझ्या शेडमध्ये आहे. गुरुवारी संग्रहालयवाले नेतील, तोवर या, बघून जा." मग पर्विसच्या तेलकट बोटांकडे बघून म्हणाली, "आणि हात धुऊन या."