सात नंबरची सोबत

“इंजेक्शनांची अदलाबदल तूच केलीस!” सरांनी वही टेबलावर आपटली. त्यांची विद्यार्थिनी सपना मान खाली घालून उभी होती. वाशीमच्या त्या कॉलेजात तेवीस वर्षं उंदरांचे पिंजरे धुणाऱ्या लिलाबाईचा हात भुशातच थांबला.

प्रयोग तिला पाठ होता. एकेकट्या वाढवलेल्या उंदरांपुढे दोन दारं. एकामागे साखरपाणी, दुसऱ्यामागे सोबती उंदीर. मेंदूतलं एक रसायन वाढवणारं औषध टोचलं की ते सोबत्याकडे धावत. नुसतं मिठाचं पाणी टोचलं की साखरेकडे. सात नंबरला मिठाचं पाणी होतं. तरी चारही वेळा तो सोबत्याकडेच गेला.

“तुझा प्रबंध मी पुढे पाठवत नाही. वर्ष गेलं समज.”

“पोरीवर काहून वरडून राह्यले, सर?” लिलाबाई पुढे आली. “सात नंबर एकटा नवताच. रोज दुपारी तासभर म्या त्याले एका म्हाताऱ्या उंदरासंगं टबात सोडो.”

“काय?”

“कोपऱ्यात तोंड खुपसून बसे, दान्याले शिवे नाई. मेला असता तं मलेच बोलले असते तुमी. ते दोघं टबात, मी बाजूले भाकर घेऊन. मीबी घरी एकटीच खातो.”

“एकटं ठेवा, अशी पाटी होती ना तिथे?”

“दुसरी शिकली मी. वाचली पाटी. पटली नाई.”

“सगळा प्रयोग नासवलात, बाई!”

“तुमी डबा खाता तवा चार मास्तर गोळा करता. तुमाले कोनी सुई टोचली?”

सपनाला हसू आवरेना. सरांचा चेहरा लाल झाला. “उद्यापासून यायचं नाही.”

“नाई येत. पन् पयले वहीत लिवा. पोरीची सुई बरोबर व्हती.”

सरांनी लिहिलं. लिलाबाईनं पेन मागून घेतलं आणि खाली सही केली. एकेक अक्षर सावकाश. सरांना थांबावं लागलं. मग कमरेची किल्ली वहीवर ठेवून ती निघाली.

बाहेर सरांच्या खिडकीसमोरच्याच पायरीवर बसून तिनं फडकं सोडलं. भाकर, ठेचा. पहिला घास मोडला तोच सपना आपला डबा घेऊन शेजारी टेकली.

“तू काहून आली वं? सर खिडकीतून पाहून राह्यले.”

“पाहू द्या,” सपना म्हणाली आणि तिच्या भाकरीचा तुकडा मोडला.