पोळ्याच्या आधीची बोट

"समुद्र तं सपाट दिसते, मंग बोट काहून नाई सोडत?" नत्थुजींनी हा प्रश्न सकाळपासून अकराव्यांदा विचारला, आणि सुभद्राबाईला वाटलं, आता एक तर या माणसाला पाण्यात ढकलावं, नाही तर आपणच उडी मारावी.

तिसरा दिवस होता. अंदमानातलं एवढंसं बेट, धक्क्यावरची पत्र्याची शेड, चार बॅगा आणि चार माणसं: नवरा-बायको, मुलगा अंकुर आणि सून प्रणाली. वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढलेला, पोर्ट ब्लेअरला जाणारी एकूण एक बोट रद्द. तिकिटाच्या खिडकीतला माणूस सात वाजता यायचा, 'आज नहीं, कल देखेंगे' म्हणायचा आणि खिडकी लावून चहा प्यायला जायचा. काल नत्थुजी त्याच्या मागं चहाच्या टपरीपर्यंत गेले होते. "भाऊ, हमारे इधर नदी को पूर आता तो भी लोग जाते," असं त्याला समजावत होते. त्यानं शांतपणे बिस्कीट बुडवून खाल्लं.

नत्थुजींची तगमग उगाच नव्हती, हे सुभद्राबाईलाही कळत होतं. बार्शीटाकळीच्या पलीकडच्या त्यांच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जाते ती त्यांची बैलजोडी. आज्यापासूनचा मान. पण जोडी धन्यानं स्वतः धरायची, असा गावचा रिवाज. धनी हजर नसला की मान दुसऱ्याकडं, आणि एकदा गेलेला मान परत मागायचा म्हणजे डोकी फुटायची वेळ. आज बुधवार होता आणि पोळा शुक्रवारी.

बरं, हा घोळ घातला कोणी? सगळ्यांनी मिळून घातला. अंकुर अमरावतीला कॉलेजात नोकरीला. त्यानं फेब्रुवारीतच तिकिटं काढून टाकली. मागच्या साली पोळा ऑगस्टात झाला होता, म्हणजे सप्टेंबरात सगळे मोकळे, असं त्यानं धरलं. मध्ये आला अधिक महिना. घरात अनारसे तळले, जावयाला बोलावून जेवू घातलं, वाण दिलं, महिनाभर सारं गाव धोंड्याचा महिना, धोंड्याचा महिना करत होतं. पण धोंडा आला म्हणजे पोळाही पुढं सरकणार, हे एकाही शहाण्याच्या टाळक्यात शिरलं नाही! शिरलं तेव्हा उशीर झालेला. "बाबा, दोन दिवस आधी घरी पोचतो आपण," अंकुर म्हणाला होता. पोचतो म्हणे.

बोटी बंद झाल्यापासून नत्थुजींनी कोणाला धक्क्यावरून हलू दिलं नव्हतं.

"आई, चला ना, जरा किनाऱ्यावर जाऊन येऊ," प्रणाली म्हणायची.

"अन् तेवढ्यात बोट सुटली तं?" नत्थुजी मध्येच. "पाण्याले काय पाहाचं? पाणी तं पाणी."

दर तासाला गावी रामरावला फोन. रामराव त्यांच्याकडं सालानं होता, बैलांचं सगळं तोच पाहायचा. "रामराव, गुलब्याचे शिंगं घासले का? लाख्याले धुतलं का? झूल उन्हात टाकजो बावा, वास मारते." नत्थुजी बोलायचे एवढ्या मोठ्यानं की फोनची गरजच काय, असं सुभद्राबाईला वाटे. शेजारच्या बाकावरच्या बंगाली बाईला आता गुलब्या कोण आणि लाख्या कोण, हे पाठ झालं होतं.

"त्या बैलाइची चौकशी करता, मी सकायपासून उपाशी बसली हाय ते दिसते का?" सुभद्राबाई शेवटी म्हणाली.

"धपाटे हाय ना पिशवीत."

"ते परवाच्या दिवशी संपले!"

गुरुवारी पहाटे बावटा उतरला. सहाच्या बोटीला माणसांची ही झुंबड! अंकुर घामाघूम होऊन गर्दीतून बाहेर आला, तो फक्त दोन तिकिटं घेऊन. बाकीची शनिवारची. पण ही बोट गाठली तर दुपारचं विमान मिळत होतं, रात्री नागपूर आणि शुक्रवारी उजाडता गाव. नत्थुजींचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा दिसला.

"मी अन् तुह्यी माय जातो," ते म्हणाले. "तुमी दोघं शनिवारी या."

"बाबा, चेन्नईले विमान बदलायचं हाय. तुमाले दोघांलेबी नाई जमणार. मीच येतो तुमच्या संग."

"अन् पुरणाचं कोण पाहीन? तू घालशीन पुरण? बैलाइले निवद लागते, पन्नास माणूस जेवाले येते. तुह्या मायले न्याच लागते."

सुभद्राबाई तोवर आपली बॅग उचलून दोन पावलं चाललीही होती. तिनं ती बॅग धपकन खाली ठेवली.

"म्हंजे मले पुरणासाठी नेऊन राहिले तुमी?"

"मंग? पोळा हाय ना वं."

"एकतीस वर्षं झाले लग्नाले. जनावरं कोण पाहीन म्हणून तुमी मले कुठं नेलं नाई. पोरानं आणलं, तं तीन दिवस या पत्र्याखाली बसवून ठेवलं. अन् आता बोट सुटली, तं थेट चुलीपाशी न्याले सुटली! मी नाई येत. अंकुरले न्या."

"अवं, पण पुरण..."

"शेजारच्या पार्वताबाईले सांगा. नाई तं तुमी घाला. हात हाय ना तुमाले?"

खिडकीतल्या माणसानं चक्क डोकं बाहेर काढलं. नत्थुजींनी तिची बॅग उचलली आणि परत खाली ठेवली. एवढ्या लोकांत बायको असं बोलली, आणि तेही चुकीचं नाही बोलली, याचं काय करावं ते त्यांना सुचेना. तेवढ्यात भोंगा झाला.

"जा आता," सुभद्राबाई चिडूनच म्हणाली. "उभे काय राहिले? मान जाईन!"

अंकुरनं बापाला हाताला धरून ओढत नेलं. बोट दूर गेल्यावर आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण आली ती सपाटून भूक. सासू-सुनेनं टपरीवर गरम पुऱ्या खाल्ल्या, दोनदा मागून घेतल्या.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला दोघी वाळूत बसलेल्या असताना अंकुरचा व्हिडिओ कॉल आला. "आई, पोचलो वेळेवर. पुरण पार्वताकाकूनं घातलं, पातळ झालं. पाह्य, आता जोडी सुटते!"

प्रणालीनं फोन धरला. आंब्याच्या पानांचं तोरण, चिखल, डफड्यांचा गलका, शिंगांना बेगड लावलेल्या बैलांच्या रांगा. आणि सगळ्यांच्या पुढं गुलब्या-लाख्याचे कासरे धरून पांढऱ्याशुभ्र धोतरातले नत्थुजी. ताठ मानेनं ते तोरणाखालून गेले आणि गावानं एकच आरोळी ठोकली. सुभद्राबाईनं प्रणालीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि डोळ्यांपाशी नेला.

"आई, दरवर्षी असंच असते का हो?" प्रणालीनं विचारलं.

"मले काय मालूम पोरी," स्क्रीनवरची नजर न काढता सुभद्राबाई म्हणाली. "मी तं त्या वक्ती चुलीपाशी असते. पोळा मी आजच पाहून राहिली."